भोंवळ : तिचीं कारणें व आपलें कर्तव्य

गेल्या ऑक्टोबर महिन्यांतील गोष्ट. सकाळची प्रार्थना चालली होती. पावसाळा नुकताच सरला होता, ऊन कडक पडलें होतें, आणि पटांगणांत सर्व वर्ग रांगेनें उभे होते. दुसरें गीत संपतें न संपतें तोंच नववीच्या रांगेंत एकदम गडबड उडाली. एक मुलगी खालीं कोसळली होती. क्षणार्धांत तिच्याभोंवतीं पन्नास मुलींचें कडें झालें. कोणी तिला धरून बसवूं लागली, कोणी तिच्या तोंडांत पाणी ओतूं पाहूं लागली, एकीनें तर आपल्या पायांतला बूट काढून तिच्या नाकाशीं धरला. आम्ही शिक्षक धांवत गेलों, मुलींना दूर सारलें, तिला उताणी निजविली व तिचे पाय एका दप्तरावर उंच ठेविले. एक मिनिटाच्या आंत तिनें डोळे उघडले. "मला कांहीं झालें नाहीं, सर," हेंच तिचें पहिलें वाक्य.

परंतु झालें होतें. मागाहून तिची आई आली तेव्हां कळलें कीं, गेले दोन महिने जिना चढतांना मुलीच्या डोळ्यांपुढें अंधारी येत असे. घरीं सांगितलें तर खो-खोच्या संघांतून आपलें नांव काढतील, या भीतीनें ती गप्प राहिली होती. आईची समजूत अशी कीं, मुलीला कोणाची तरी दृष्ट लागली असावी. डॉक्टरांनीं रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ८ निघालें. तें निदान १२ असावयास हवें होतें. पुढें कांहीं महिने लोहाच्या गोळ्या व जेवणांत थोडा पालट, एवढ्यानें ती बरी झाली, आणि आज ती पुन्हां संघांत खेळत आहे.

हा प्रसंग मीं मुद्दाम सांगितला, कारण आपण सर्वच ज्या तीन चुका करतों त्या त्यांत एकत्र आल्या आहेत. ज्याला भोंवळ येते तो ती लपवितो. घरचीं माणसें तिला दृष्ट, पित्त किंवा अशक्तपणा यांपैकीं एखादें नांव देऊन मोकळीं होतात. आणि कोणी पडलें म्हणजे भोंवतालची मंडळी नेमकें जें करूं नये तें करितात. या तीन चुका टाळतां याव्यात एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की धरावी. भोंवळ हा स्वतः रोग नव्हे. रात्रीं दारावर कोणी थाप मारावी, तशी ती शरीरानें मारलेली थाप आहे. दार उघडून पाहिल्यावांचून शेजारी सहज डोकावला आहे, कीं कोणी आगीची वर्दी घेऊन आला आहे, हें कळत नाहीं. बहुतेक वेळां शेजारीच असतो. पण म्हणून दार उघडूंच नये, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं.

शरीराचा तोल कसा राहतो ?

फुगडी खेळलेल्या प्रत्येक मुलीला भोंवळ ठाऊक आहे. हात सोडल्यावर पाय जमिनीवर स्थिर असतात, पण झाडें, भिंती, मैत्रिणी सर्व गरगर फिरत राहतात. असें कां व्हावें ?

आपल्या प्रत्येक कानाच्या अगदीं आंत, कवटीच्या कठीण हाडांत, तीन अतिसूक्ष्म अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्या एकमेकींशीं काटकोनांत बसविलेल्या असून त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. मस्तक ज्या दिशेनें वळेल त्या दिशेची नलिका त्याबरोबर वळते, पण आंतील द्रव क्षणभर मागें रेंगाळतो व केंसासारख्या बारीक तंतूंना वांकवितो. ती वार्ता मज्जातंतूंच्या द्वारें मेंदूस पोंचते. घरीं एक प्रयोग करून पाहावा. रुंद भांड्यांत पाणी भरून त्यावर एक वाळलेलें पान सोडावें व भांडें हळू हळू गोल फिरवावें. प्रथम भांडें फिरतें, पान मात्र जागींच राहतें. बराच वेळ फिरविल्यावर पाणीही फिरूं लागतें. आतां भांडें एकदम थांबवावें. पान फिरतच राहतें. फुगडी थांबल्यावर आपल्या कानांत हेंच घडतें. आपण थांबलों तरी द्रव थांबत नाहीं, आणि मेंदूला वाटतें कीं आपण अजून फिरत आहों.

कान ही एकच साक्ष नव्हे. डोळे ही दुसरी साक्ष, आणि तळपाय, सांधे व स्नायू ही तिसरी. या तिन्ही साक्षी जुळवून मेंदू न्यायाधीशाप्रमाणें निर्णय देतो. साक्षी जुळल्या नाहींत म्हणजे भोंवळ येते. घाटांतून जाणाऱ्या मोटारींत पुस्तक वाचीत बसलेल्या मुलाचे डोळे सांगतात कीं पान स्थिर आहे, कान सांगतात कीं प्रत्येक वळणावर शरीर हेलकावत आहे. आणि मग मळमळ सुरू होते. अशा वेळीं पुस्तक मिटून, पुढच्या बाजूस बसून दूरच्या डोंगराकडे पाहावें. डोळ्यांची व कानांची साक्ष पुन्हां जुळते.

शिवाय न्यायाधीशाला स्वतःला अन्न व प्राणवायु लागतो, आणि तो रक्तांतून मिळतो. रक्त कमी पडलें, पातळ झालें, त्यांतील साखर उतरली किंवा तें वर चढविणारें हृदय चुकलें, तरीही माणसाला भोंवळ येते. म्हणून कारण शोधतांना कान, मेंदू, हृदय व रक्त या चार ठिकाणीं पाहावें लागतें. आणि पांचवें स्थान मन हें होय.

हें ज्ञान मनुष्यजातीस फार जुनें नाहीं. भोंवळ म्हणजे मेंदूंत रक्त दाटणें अशी युरोपांतील वैद्यांची समजूत होती, व रोग्याचें रक्त काढणें हा उपाय होता. १८६१ सालीं पॅरिस येथील मेनियेर या डॉक्टरानें दाखवून दिलें कीं, तिचें मूळ कानाच्या अंतर्भागांत असूं शकतें. पुढें व्हिएन्ना येथील रॉबर्ट बारानी हा रोग्यांचे कान पाण्यानें धुवीत असतां एकानें गार पाण्यानें भोंवळ येते अशी तक्रार केली. बारानीनें पुढच्या वेळीं पाणी जास्त ऊन घेतलें, तेव्हांही भोंवळ आली. मात्र रोग्याचे डोळे या वेळीं उलट दिशेनें झटके देऊं लागले. या साध्या निरीक्षणावरून त्यानें कानाचा तोल तपासण्याची पद्धत बसविली, आणि १९१४ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें. त्या वेळीं तो रशियांत युद्धकैदी होता. रोग्याची क्षुल्लक वाटणारी तक्रार लक्षपूर्वक ऐकली म्हणजे काय होतें, याचा हा उत्तम धडा आहे.

डॉक्टरांस काय सांगावें ?

आपण 'चक्कर आली' असें म्हणतों, तेव्हां त्या एका शब्दांत निरनिराळ्या अवस्था असतात. कोणाला भोंवतालचें जग गरगर फिरल्यासारखें वाटतें. कोणाच्या डोळ्यांपुढें अंधारी येऊन आतां शुद्ध जाईल असें वाटतें. कोणाचें डोकें ठीक असतें पण चालतांना झोक जातो. आणि कोणाला नुसतें हलकें हलकें, अधांतरीं असल्यासारखें वाटतें. ही अवस्था शब्दांत सांगणें सोपें नसतें, आणि एकच रोगी सकाळीं एक व सायंकाळीं दुसरें वर्णन करितो. म्हणून आजचे जाणते डॉक्टर दुसऱ्या तीन प्रश्नांस अधिक महत्त्व देतात, व त्यांचीं उत्तरें आपण घरूनच लिहून न्यावींत :

१. भोंवळ किती वेळ टिकते ? कांहीं सेकंद, कांहीं मिनिटें, कांहीं तास, कीं दिवसचे दिवस ?

२. ती कशानें येते ? उठून उभें राहिल्यानें, अंथरुणांत कुशीवर वळल्यानें, उपाशी राहिल्यानें, धांवल्यानें, कीं कांहींही न करितां ?

३. तिच्या सोबत काय असतें ? ओकारी, डोकेंदुखी, कानांत गुणगुण, छातींत धडधड, बोबडी वळणें, हातापायास मुंग्या ?

याखेरीज आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत असावी. एवढी तयारी केली तर निम्मा रोग डॉक्टरांच्या हातीं आपणच दिला असें होतें.

विद्यार्थ्यांत आढळणारीं कारणें

आपण उठून उभे राहतों तेव्हां सुमारें अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे उतरतें. निरोगी शरीरांत रक्तवाहिन्या लगेच आकुंचन पावून तें पुन्हां वर ढकलतात. परंतु शरीरांतील पाणी कमी असेल, पोटांत अन्न नसेल, ऊन असेल व बराच वेळ एकाच जागीं ताठ उभें राहावें लागलें असेल, तर ही योजना अपुरी पडते. कित्येकांस रक्त पाहिल्यानें, सुई टोंचतांना किंवा एकाएकीं भय वाटल्यानेंही नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो. मग जांभया, घाम, मळमळ, कानांत सूं सूं आवाज, व शेवटीं अंधारी असा क्रम होतो. ही मूर्च्छा भयंकर दिसली तरी बहुधा निरुपद्रवी असते. पूर्वसूचना मिळतांच लाज न बाळगतां खालीं बसावें किंवा निजावें. तें शक्य नसल्यास पायांची तिढी घालून मांड्या घट्ट आवळाव्या व मुठी वळाव्या, म्हणजे रक्त वर चढतें. सकाळीं कांहीं तरी खाऊन व पाणी पिऊन शाळेंत येणें हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

दुसरें कारण रक्तक्षय, आणि मुलींच्या पालकांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें. २०१९ ते २०२१ या कालांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. वाढीचें वय, मासिक पाळींतील अधिक रक्तस्राव, पोटांतील जंत व लोह कमी असलेला आहार हीं याचीं मुख्य कारणें. पाळीविषयीं मुलीनें आईजवळ व आईनें डॉक्टरांजवळ मोकळेपणानें बोलावें. त्यांत संकोच करण्यासारखें कांहीं नाहीं. शाळेंत आठवड्यास एकदां मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक मुली गुपचूप फेंकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी. हिरव्या पालेभाज्या, कडधान्यें, नाचणी, हाळीव, आणि चालत असल्यास मांस व मासे यांत लोह आहे. जेवतांना लिंबू पिळल्यास तें अधिक जिरतें, आणि जेवणाबरोबरच चहा घेतल्यास कमी जिरतें.

हगवण, ओकारी किंवा उन्हांतील श्रम यांनीं शरीरांतील पाणी व क्षार जातात आणि भोंवळ येते. क्षारसंजीवनीची पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यांत विरघळवून थोडी थोडी पाजावी. पुडी न मिळाल्यास १ लिटर पाण्यांत सपाट ६ चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. मीठ त्याहून अधिक होऊं देऊं नये.

परीक्षेच्या दिवसांत कांहीं मुलांचा श्वास भीतीनें जलद चालूं लागतो. त्यामुळें डोकें हलकें होतें, बोटांस व ओंठांस मुंग्या येतात, आणि त्या मुंग्यांनीं भीति आणखी वाढते. अशा मुलास 'सोंग करतोस' असें म्हणूं नये, कारण त्याला खरोखरच भोंवळ येत असते. त्याच्याजवळ बसून सावकाश श्वास घेण्यास व त्याहून सावकाश सोडण्यास सांगावें.

एक कारण घरांतच दडलेलें असतें, व तें जीवघेणें आहे. बंद न्हाणीघरांत गॅसचा गीझर पेटविला, किंवा थंडींत दारें-खिडक्या लावून खोलींत शेगडी ठेविली, तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु सांचतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. स्नान करतांना डोकें दुखूं लागलें व भोंवळ आली तर क्षणभरही न थांबतां उघड्या हवेंत यावें व इतरांस सावध करावें. असा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंतच बसवावा.

आणि हें विशेष लक्षांत ठेवावें : उभें राहून आलेली मूर्च्छा व धांवतांना आलेली मूर्च्छा या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. जो मुलगा ऐन धांवतांना किंवा पोहतांना बेशुद्ध पडतो, ज्याला पडण्यापूर्वीं छातींत फार धडधडतें किंवा दुखतें, अथवा ज्याच्या घराण्यांत तरुणपणीं अकस्मात् मृत्यु झालेले आहेत, त्याचें हृदय तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेतल्याखेरीज त्यास पुन्हां मैदानावर उतरवूं नये.

वडीलधाऱ्या माणसांची भोंवळ

"उशीवर मान फिरविली कीं सारें घर फिरतें," असें आजी म्हणते, तेव्हां तिला बहुधा कानाचा एक साधा विकार झालेला असतो. आंतल्या कानांत चुन्यासारख्या द्रव्याचे सूक्ष्म कण असतात. वयोमानानें किंवा डोक्यास मार बसल्यानें ते आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेंत शिरतात, व कुशीवर वळतांना, वर पाहतांना अथवा वांकतांना द्रव ढवळून टाकतात. ही भोंवळ भीतिदायक असली तरी सहसा एका मिनिटाच्या आंत थांबते. तिला गोळ्या क्वचितच लागतात. तज्ज्ञ डॉक्टर रोग्याचें मस्तक विशिष्ट क्रमानें फिरवून ते कण जागेवर परत नेतात. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरानें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेली ही युक्ति आज सर्वत्र वापरतात, आणि पुष्कळांस एकदोन वेळांतच आराम पडतो.

भोंवळ कित्येक मिनिटें किंवा तास टिकून तिच्यासह एका कानानें कमी ऐकूं येत असेल व कानांत गुणगुण होत असेल, तर तो मेनियेरनें वर्णिलेला विकार असूं शकतो. अर्धशिशीच्या रोग्यांसही डोकें न दुखतां भोंवळ येते. सर्दी-पडशानंतर तोलाच्या मज्जातंतूस सूज आल्यास ती दिवसचे दिवस राहते. हे सर्व विकार कानांच्या किंवा मज्जातंतूंच्या डॉक्टरांनीं ओळखावयाचे आहेत. मानेचे मणके झिजले म्हणून चक्कर येते असें सर्रास म्हटलें जातें व गळ्यांत पट्टा चढविला जातो. परंतु पुष्कळदा खरें कारण निराळेंच असतें.

वृद्धांच्या भोंवळीचें आणखी एक कारण त्यांच्या औषधांच्या डब्यांत सांपडतें. रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या व झोंपेच्या गोळ्यांनीं उठतांना रक्तदाब एकदम उतरतो. म्हणून वृद्धांनीं अंथरुणावर आधीं उठून बसावें, पाय खालीं सोडावे, मिनिटभर थांबावें व मगच उभें राहावें. औषध मात्र आपल्या मनानें बंद करूं नये. तें डॉक्टरांस विचारावें. मधुमेह्यानें गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबविलें तर रक्तांतील साखर उतरते : घाम सुटतो, हात कांपतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. तो शुद्धीवर असेल तर ताबडतोब ३ चमचे साखर पाण्यांत कालवून द्यावी व पाऊण तास वाट न पाहतां १५ मिनिटांनीं पुन्हां तपासावें. बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही न घालतां दवाखान्यांत न्यावें.

दुकानांतून 'चक्करेची गोळी' परस्पर आणून महिनेच्या महिने घेण्याची चाल आहे. ती सोडावी. अशा कांहीं गोळ्यांनीं मेंदूची स्वतःस सांवरण्याची शक्ति मंदावते, व वृद्धांस कंपही सुटतो. थाप मारणाऱ्याचें तोंड बांधलें म्हणून वर्दी खोटी ठरत नाहीं.

माझी एक चूक

येथें मला स्वतःविषयीं लिहिणें भाग आहे. माझे वडील ७१ वर्षांचे असतां एके दिवशीं सकाळीं ८ वाजतां चहा घेतांना म्हणाले, "घर फिरतें आहे रे." मग त्यांस दोनदां ओकारी झाली. आई म्हणाली, "पित्त उसळलें." मी शाळेंत मुलांस शरीरशास्त्र शिकवितों, मींही मान डोलविली. आल्या-लिंबाचा रस दिला, खोलींत अंधार केला, व त्यांस निजविलें. दुपारीं ते न्हाणीघराकडे जावयास उठले तेव्हां डावीकडे कलले. भिंत धरून गेले. त्यांचे शब्द जड येत होते. आम्हीं तो अशक्तपणा मानला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांस रुग्णालयांत नेलें. डॉक्टरांनीं प्रथम एवढेंच विचारलें, "हें केव्हां सुरू झालें ?" मीं वेळ सांगितली. ते क्षणभर कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं समजावून सांगितलें कीं, मेंदूच्या मागल्या भागांतील, जेथून तोल सांभाळला जातो तेथील, रक्तवाहिनींत गुठळी अडकली आहे. अशी गुठळी विरघळविण्याचें औषध विकार सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. आम्ही एक अहोरात्र घरीं बसलों होतों.

वडील त्यानंतर पांच वर्षे जगले, पण काठीवांचून चालले नाहींत. त्यांनीं मला कधीं बोल लावला नाहीं. म्हणूनच मला तो विसर पडत नाहीं, आणि म्हणूनच पुढील सहा शब्द मी माझ्या प्रत्येक वर्गाकडून पाठ करून घेतों : तोल, दृष्टि, चेहरा, हात, वाणी, वेळ. एकाएकीं तोल गेला, एकाच्या दोन वस्तु दिसूं लागल्या किंवा दिसेनासें झालें, हंसतांना चेहरा एका बाजूस ओढला गेला, दोन्ही हात पुढें केले असतां एक खालीं घसरला, वाणी अडखळली, यांतील एकही चिन्ह दिसलें कीं वेळ पाहावी, ती लिहून ठेवावी, तोंडानें कांहींही देऊं नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, जेथें मेंदूचें सी. टी. स्कॅन होतें अशा मोठ्या रुग्णालयांत न्यावें.

कोणी पडल्यास काय करावें ?

१. गर्दी हटवावी, हवा येऊं द्यावी. पडलेल्यास उचलून बसवूं नये.

२. उताणें निजवून पाय वीतदीडवीत उंच ठेवावे. गळ्याची गांठ, पट्टा व बटणें सैल करावींत. ओकारी होत असल्यास कुशीवर वळवावें.

३. बूट, कांदा, चप्पल नाकाशीं धरूं नये. शुद्ध नसतां तोंडांत पाणी घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. साध्या मूर्च्छेंतही हातपाय किंचित् झटके देतात. तेवढ्यावरून त्यास फेंपरें म्हणूं नये.

४. श्वास चालला आहे कीं नाहीं तें पाहावें. हांक मारूनही ओ देत नसेल व श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला कळवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनीं, मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें ५ सेंटिमीटर खोल दाब देण्यास ताबडतोब आरंभ करावा.

५. शुद्धीवर आल्यावर दहापंधरा मिनिटें निजूं द्यावें, मग बसवावें, मग उभें करावें. आणि घरीं अवश्य कळवावें.

डॉक्टरांकडे केव्हां जावें ?

उपाशीपणीं किंवा उन्हांत एकदां भोंवळ आली, विश्रांतीनें व पाण्यानें लगेच गेली, तर घाबरण्याचें कारण नाहीं. पण ती वारंवार येऊं लागली, कामांत व्यत्यय आणूं लागली, तिच्यासह थकवा, फिकटपणा, कमी ऐकूं येणें किंवा वजन घटणें असेल, औषध बदलल्यानंतर ती सुरू झाली असेल, अथवा एकदांही शुद्ध गेली असेल, तर त्याच आठवड्यांत डॉक्टरांस दाखवावें.

आणि पुढील प्रसंगीं एक तासही दवडूं नये : वर सांगितलेलीं तोल-दृष्टि-चेहरा-हात-वाणी यांपैकीं कोणतेंही चिन्ह, पूर्वीं कधीं न झालेली अतितीव्र डोकेंदुखी, छातींत दुखणें, धाप किंवा अनियमित धडधड, श्रम करतांना आलेली मूर्च्छा, डोक्यास मार बसल्यानंतरची भोंवळ, भोंवळीसह मोठा ताप व ताठलेली मान, काळा शौच किंवा रक्ताची ओकारी, गरोदर स्त्रीची मूर्च्छा, आणि आधारावांचून उभेंच राहतां न येणें. अशा वेळीं अंगारा-धुपारा, उतारा किंवा आलें-लिंबू यांत घालविलेला वेळ परत येत नाहीं. प्रार्थना अवश्य करावी. पण ती रुग्णवाहिकेंत बसूनही करितां येते.

विद्यार्थिमित्रहो, भोंवळ येणें हा भित्रेपणा नव्हे, आणि ती सांगणें हा दुबळेपणा नव्हे. ती आल्यास आईजवळ, वडिलांजवळ किंवा आम्हां शिक्षकांपैकीं कोणाजवळही सांगा. पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मूल असें कांहीं सांगूं लागलें तर हातांतील काम क्षणभर बाजूस ठेवून त्यास विचारावें : केव्हां आली, किती वेळ राहिली, सोबत काय झालें ? त्या नववींतील मुलीनें दोन महिने वाट पाहिली. मीं एक दिवस वाट पाहिली. तिची चूक भरून आली. माझी आली नाहीं. आपल्या घरीं अशी थाप पडेल तेव्हां आपण उठून दार उघडाल, अशी मला आशा आहे.